एकाच मानेचे दोन आकडे

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी जळीत विभागाच्या ड्रेसिंगच्या खोलीत यंत्राने मुक्ताई घुले यांच्या मानेचा आकडा तेवीस दाखवला. त्याच यंत्राने, त्याच मानेवर, त्याच जागी अर्ध्या तासापूर्वी सेहेचाळीस दाखवला होता.

दोन्ही आकडे पडद्यावर एकाखाली एक होते आणि विभागाचे प्रमुख डॉ. सुदर्शन लिमये चष्मा कपाळावर चढवून ते वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा परत नाकावर घेतला.

"छान आहे," ते म्हणाले. "निवड करायला वाव आहे. ज्याला जो आवडेल तो आकडा त्याने घ्यावा."

यंत्र जिने बनवलं होतं ती मेहजबीन मोमीन दोन्ही आकडे पुन्हा वाचत होती. तिच्या शेजारी उभा असलेला तिचा सहकारी दिग्विजय जगदाळे उगाचच एक वायर काढून पुन्हा घालत होता.

"मॅडम," डॉ. लिमयांनी उजव्या हाताचा अंगठा वर केला, "याला पंचवीस वर्षांत एकदाही बॅटरी लागलेली नाही. आणि हा एका सकाळी दोन उत्तरं देत नाही. याचं म्हणणं आहे की यांची मान अजून कडक आहे. शुक्रवारी यांचं ऑपरेशन ठरलंय. माझी ओपीडी अकराला संपते. तोवर हा काय प्रकार आहे ते सांगितलंत तर ऐकतो. नाहीतर यंत्र पेटीत भरा आणि सुखाने घरी जा. वॉर्डात प्लग तसेही कमी आहेत."

ते गेले. खुर्चीत ताठ बसलेल्या मुक्ताई इतका वेळ समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. दार लागल्यावर त्यांनी विचारलं, "म्हंजी कापायचीच का मान?"

"अजून नाही, ताई," मेहजबीन म्हणाली. ते ती कोणत्या आधारावर म्हणाली हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

मुक्ताई हडपसरजवळच्या मांजरी गावच्या. शाळेची व्हॅन चालवायच्या. नोव्हेंबरात एका दुपारी गाडी तापली, त्यांनी बॉनेट उघडून रेडिएटरचं झाकण फिरवलं आणि आतलं उकळतं पाणी उजव्या कानाखालून गळपट्टीपर्यंत आलं. जखम भरली, पण भरताना कातडी जाड, लाल आणि दोरीसारखी आवळून आली. मान डावीकडे वळेना. व्हॅनचं दार डावीकडे असतं, मुलं तिथूनच चढतात आणि तिथूनच उतरतात. पहिल्या दिवशी मेहजबीनने त्यांना त्रास काय होतो असं विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "दुखत न्हाय फारसं. पण डावीकडं बघता येत न्हाय. मग मी पोरं काय अंदाजानं उतरवू?"

उपाय दोन होते. एक म्हणजे ऑपरेशन: आवळलेली कातडी कापून मोकळी करायची, मांडीची कातडी काढून तिथे लावायची आणि पुढे कित्येक महिने गळ्यात पट्टा. तसं झालं तर जूनमध्ये शाळा सुरू होताना मुक्ताई गाडीवर नसणार. शाळेने दुसरा चालक बघून ठेवलाच होता, आणि एकदा गाडी दुसऱ्याच्या हातात गेली की ती परत मिळत नाही हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. दुसरा उपाय मालिश, व्यायाम आणि दाब देणारा पट्टा. तो चालतो, पण कातडी खरोखरच सैल होत असेल तरच. नाहीतर वाट बघण्यात वेळ जातो आणि दोर आणखी घट्ट होतो.

म्हणजे सगळा प्रश्न एवढाच होता की कातडी सैल होते आहे की नाही. आजवर याचं उत्तर डॉक्टरांचा अंगठा देत आला होता. मेहजबीनचं यंत्र तेच उत्तर आकड्यात द्यायला बसलं होतं. मुक्ताईंच्या मानेची डावी, न भाजलेली बाजू शंभर धरली तर उजवी बाजू आठ आठवड्यांपूर्वी अठरा होती. दर मंगळवारी सिस्टर कौशल्या माप घ्यायच्या आणि आकडा थोडाथोडा चढत सेहेचाळीसवर आला होता. अंगठा मात्र म्हणत होता, काही फरक नाही. आज डॉ. लिमये स्वतः समोर उभे राहून माप बघायला आले आणि यंत्राने त्यांच्या अंगठ्याचीच री ओढली.

मेहजबीनचं घर कसबा पेठेत. वडील अकबर मोमीन खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. तिथलं क्वार्टर सोडून मोमीन मंडळी पुन्हा पेठेतल्या जुन्या घरी आली त्याच वर्षी मेहजबीनने नोकरी सोडली आणि वरच्या मजल्यावर हे यंत्र जुळवायला घेतलं. दिग्विजयशी तिची ओळख कॉलेजातली. यांत्रिक भाग तिचा, इलेक्ट्रॉनिक्स आणि प्रोग्राम त्याचा.

यंत्र दिसायला हातातल्या छोट्या टॉर्चसारखं होतं. पुढच्या टोकाला शर्टाच्या बटणाएवढं तोंड. ते कातडीवर टेकवलं की आतला पंप हवा ओढून घेई आणि कातडी टेकडीसारखी वर येई. किती वर आली ते प्रकाशाचा एक किरण मोजे, मग हवा सोडली की ती किती वेळात खाली बसते तेही मोजे. चांगली कातडी झटकन वर येते आणि झटकन बसते. व्रणाची कातडी जेमतेम उचलली जाते. कागदोपत्री त्याला त्वचामापक म्हणायचे. मुक्ताईंनी पहिल्याच मापानंतर त्याला जळू म्हटलं आणि वॉर्डात तेच नाव चाललं.

सगळ्यात जास्त त्रास दिला होता तो माणसाच्या हाताने. यंत्र कुणी दाबून धरायचं, कुणी दुखेल म्हणून अलगद टेकवायचं. दाब बदलला की आकडा बदलायचा. शेवटी मेहजबीनने आत एक स्प्रिंग बसवली. ठरलेल्या दाबाइतकीच ती दबली तर पंप सुरू होणार, कमी किंवा जास्त झाला तर बंद. ती स्प्रिंग जमली त्या दिवशी ती जिन्यावरून खाली ओरडत आली होती आणि अब्बांनी शांतपणे विचारलं होतं, "शॉक बसला काय कुठं?"

तपासायला माणसं हवी होती. ती घरातच होती. अब्बांचा हात, अम्मीचा हात, शेजारपाजारचे हात. ईदेला तर तिने दारातच टेबल मांडलं. शीरखुर्म्याची वाटी हवी असेल तर आधी बाही वर करायची. खुशनुमा खाला म्हणाली, "ही पोरगी ईदीच्या ऐवजी रक्त मागते," आणि सगळ्यात आधी हात पुढे केला. संध्याकाळपर्यंत निम्म्या आळीच्या हातांवर लाल गोल ठसे होते आणि मेहजबीनकडे सुंदर, एकसारखे आलेख. एकाच माणसाचं माप दहा वेळा घ्या, दहा वेळा तेच. ती खात्री घेऊन ते दोघं इस्पितळात आले.

वॉर्डात आल्यावर आलेखाच्या रेषेला बारीक दाते दिसायला लागले. करवतीसारखे. कधी असायचे, कधी नसायचे. घरी ते कधीच दिसले नव्हते, म्हणून दोष वॉर्डाचा असं दोघांनी धरलं. छताचा पंखा जुना होता, भिंतीपलीकडे कॉम्प्रेसर होता. मेहजबीनने दिग्विजयला ते दाते प्रोग्राममधून पुसायला सांगितलं.

"फोटोला ब्यूटी फिल्टर लावतात तसं करतो," तो म्हणाला होता. त्याने केलं. रेषा पुन्हा गुळगुळीत झाली आणि दोघंही खूश झाले.

आता कॉरिडॉरमधल्या बाकावर यंत्र मांडीवर घेऊन दोघं बसले होते. समोरून स्ट्रेचर जात होती, कुणीतरी डबा घेऊन वॉर्ड शोधत होतं.

"लीक नाहीये," दिग्विजय म्हणाला. "पंप ओके, सेन्सर ओके. माझा हात घे."

तिने त्याच्या मनगटाच्या वर माप घेतलं. गेले वर्षभर येत होता तोच आकडा आला. पुन्हा घेतलं. तोच.

"तेल?" तो म्हणाला. "सिस्टर खोबरेल चोळतात ना. तेलाने फरक पडतो."

"पुसून घेतलं होतं दोन्ही वेळेला. मी स्वतः पुसलं."

"मग यार, डॉक्टरच पनवती आहे. तो आला की मशीन बिघडतं."

मेहजबीनने त्याच्याकडे पाहिलं. तो हसला नाही, कारण त्याला स्वतःलाच वाटलं की आपण फालतू बोललो. तिने मात्र ते वाक्य सोडलं नाही. यंत्र बिघडलं नव्हतं, हे आत्ताच त्याच्या हातावर दिसलं होतं. यंत्र दोन्ही वेळेला बरोबर असेल तर मधल्या अर्ध्या तासात मान बदलली होती. खोली तीच, पंखा तोच, खुर्ची तीच. बदललं होतं एकच. डॉ. लिमये आत आले होते.

"फिल्टर काढ," ती म्हणाली.

"आत्ता?"

"सकाळची दोन्ही मापं कच्ची दाखव. काहीही न पुसता."

त्याने लॅपटॉप गुडघ्यावर घेतला. पहिली रेषा आली. सिस्टर कौशल्यांनी घेतलेली, सेहेचाळीसची. जवळजवळ सपाट. मग दुसरी, तेवीसची. वरपासून खालपर्यंत दाते.

"पंखा," दिग्विजय सवयीने म्हणाला.

"पंखा दोन्ही वेळेला चालू होता."

"कॉम्प्रेसर तेव्हा सुरू झाला असेल."

"हात पुढे कर," ती म्हणाली. "आता मूठ आवळ. घट्ट. सोडू नको."

तिने माप घेतलं. आकडा निम्म्यावर आला आणि रेषेला दाते आले. अगदी तसलेच, सेकंदाला दहाच्या आसपास.

"सोड आता."

दाते गेले. आकडा जागेवर आला.

दिग्विजयने आपल्या मुठीकडे पाहिलं. "स्नायू," तो म्हणाला. "आवळलेला स्नायू थरथरतो. आणि आपण तेच... आपण ते पुसत होतो."

"मी पुसायला सांगितलं," मेहजबीन म्हणाली. घरच्या त्या सगळ्या हातांवर दाते का नव्हते हे तिला आता कळत होतं. शीरखुर्म्याच्या रांगेत उभ्या राहून एकमेकांची टिंगल करणाऱ्या माणसांच्या हातात ताण येणार कुठून? तिला घाबरणारं त्या घरात कुणीच नव्हतं. आपल्या यंत्राला तिने फक्त निवांत माणसांची कातडी दाखवली होती.

मुक्ताई अजून ड्रेसिंगच्या खोलीतच होत्या. सिस्टर कौशल्या त्यांच्या मानेला तेल लावत होत्या आणि मुक्ताई त्यांना हडपसरच्या चौकातली वाहतूक ऐकवत होत्या.

"ताई," मेहजबीनने विचारलं, "मघाशी डॉक्टर आले तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"मी? मी काय केलं? काय बी न्हाय."

"कशा बसलात ते दाखवा."

मुक्ताईंनी क्षणभर तिच्याकडे संशयाने पाहिलं. मग पाठ ताठ केली, हनुवटी किंचित पुढे आणली, दोन्ही हात मांडीवर ठेवले. मानेवरच्या दोन शिरा दोरखंडासारख्या वर आल्या.

"मोठा डॉक्टर आला तर काय लोळत बसू?" त्या म्हणाल्या. "सासऱ्यापुढं कधी अशी बसली नसंल मी. त्यांनी अंगठा लावला की मी श्वासच घेत न्हाय, माहिताय का. वाटतं, हालले तर म्हणतील बिघडवलं."

सिस्टर हसायला लागल्या. "सर वॉर्डात शिरले की मीसुद्धा पदर सारखा करते. साडी नेसत नाही तरी."

अकराला दहा मिनिटं कमी असताना डॉ. लिमये हात पुसत आत आले. "हं. काय निघालं? भूत?"

"सर, यंत्रात काही नाही," मेहजबीन म्हणाली. "दोन्ही आकडे बरोबर आहेत."

"म्हणजे माना दोन आहेत."

"मान एकच आहे. दाखवते. फक्त आपण जरा बाहेर थांबाल का?"

सिस्टर कौशल्यांनी तेलाच्या बाटलीचं झाकण लावायला घेतलं आणि ते त्यांना लागेना.

"बाहेर," डॉ. लिमये म्हणाले. "माझ्या वॉर्डाच्या."

"दाराबाहेर, सर. दार उघडंच राहील. पडदा आपल्याला दिसेल असा ठेवते. ताईंना आपण दिसू नये, एवढंच."

डॉक्टरांनी तिच्याकडे, मग घड्याळाकडे पाहिलं. "पाच मिनिटं," म्हणून ते बाहेर जाऊन उभे राहिले. जाणारा-येणारा प्रत्येक जण थबकून त्यांना नमस्कार करत होता आणि सर बाहेर का उभे आहेत हे विचारायची कुणाची हिंमत होत नव्हती.

सिस्टर मुक्ताईंशी बोलत राहिल्या. मेहजबीनने जळू टेकवली. उजवी बाजू, पंचेचाळीस. रेषा सपाट. मग डावी, न भाजलेली बाजू. अठ्ठ्याण्णव. तीही सपाट.

"आता या, सर. काही करू नका. नुसते समोर उभे राहा."

ते आले. मुक्ताईंची हनुवटी आपोआप पुढे गेली. उजवी बाजू, चोवीस, दाते. डॉक्टर काही बोलणार तेवढ्यात मेहजबीनने यंत्र डाव्या बाजूला टेकवलं. एकसष्ट. तिथेही दाते.

डॉ. लिमये पुढे झुकले. "ही बाजू कशी कमी आली?"

"तेच म्हणते, सर."

"ही तर भाजलेलीच नाही."

"नाही ना."

त्यांनी चष्मा काढला. मग खिशातून रुमाल काढून तो पुसला, घातला आणि पुन्हा पडदा पाहिला. दिग्विजयने न विचारता दोन रेषा शेजारी शेजारी आणून ठेवल्या, एक सपाट आणि एक दातेरी.

"हे स्नायूचं आहे," डॉक्टर स्वतःशीच म्हणाल्यासारखे म्हणाले. "व्रणाचं नाही. खालचा स्नायू आवळला जातोय." ते थांबले. "आणि मी अंगठा लावतो तेव्हाही हेच होत असणार."

सिस्टर कौशल्यांनी हळूच मान हलवली.

"बरं," ते म्हणाले. "तुमच्या यंत्राला पटलं, माझ्या अंगठ्याला पटायचंय अजून. आणि अंगठा माझ्याबरोबरच आत येतो. आता काय करू? तो काढून तुमच्याकडे देऊ?"

ही अडचण मेहजबीनच्या लक्षात आली नव्हती. उत्तर मुक्ताईंनी दिलं. त्या आधी सिस्टरांशी कुजबुजल्या. सिस्टर म्हणाल्या, "त्या म्हणतात, मी पडून राहते, डोळे मिटते. सरांनी कधी हात लावला ते मला कळू देऊ नका."

"तुम्हाला चालेल?" डॉक्टरांनी थेट त्यांनाच विचारलं.

"चालंल की. माझ्याच मानेचं चाललंय."

मुक्ताई टेबलावर आडव्या झाल्या. सिस्टर कौशल्यांनी दोन्ही अंगठ्यांनी नेहमीसारखं चोळायला सुरुवात केली आणि विचारलं, "हां, मग त्या चौकात काय झालं म्हणालात? टेम्पोवाला काय म्हणाला?" टेम्पोवाल्याचं नाव निघाल्यावर मुक्ताईंना दुसरं काही सुचत नसे. तो कसा उलट्या बाजूने आला, त्यांनी काच खाली करून त्याच्या कुळाची चौकशी कशी केली, मागे बसलेल्या मुलांनी त्यातले शब्द कसे शाळेत नेले आणि मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावून कसं घेतलं, हे सगळं त्या डोळे मिटून सांगत होत्या. डॉ. लिमयांनी दाराशी बूट काढले. मोज्यांवर, आपल्याच वॉर्डात, चोरासारखे ते टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूने आले. सिस्टरांनी एक हात बाजूला घेतला. त्या जागी डॉक्टरांचा अंगठा टेकला.

मुक्ताई बोलत होत्या. अंगठा कानाखालून गळपट्टीपर्यंत गेला, परत वर आला, मध्ये एका ठिकाणी थांबून त्याने कातडी बाजूला सरकवून पाहिली. ती सरकली. डॉ. लिमयांनी मान वर केली आणि मेहजबीनकडे पाहिलं. त्यांचा असा चेहरा तिने गेल्या तीन महिन्यांत पाहिला नव्हता. त्यावर उपरोध शोधूनही सापडला नसता.

"मग मुख्याध्यापक काय म्हणाले?" त्यांनी विचारलं.

मुक्ताईंचं बोलणं तुटलं. अंगठ्याखाली मान एका क्षणात ताठ झाली. डॉक्टरांनी ते अंगठ्याने ओळखलं आणि दिग्विजयच्या म्हणण्याप्रमाणे ते चक्क दचकले.

"अहो बाई," ते म्हणाले, "तुमची मान सैल होतेय की. छान होतेय. मीच येऊन ती आवळत होतो."

मग ते स्टुलावर बसून बूट घालू लागले. लेस बांधता बांधता, वर न बघता म्हणाले, "म्हणजे पंचवीस वर्षं मी आत येताना बरोबर थोडा कडकपणा घेऊन येतोय आणि तो पेशंटच्या नावावर लिहितोय. सिस्टर, शुक्रवारचं यांचं ऑपरेशन रद्द. सहा आठवडे थांबू. आणि मॅडम, ते दाते पुसून टाकणारं जे काही आहे..."

"फिल्टर, सर."

"ते तुम्ही पुसून टाका."

बाहेर येताच दिग्विजयने आईला फोन लावून सगळा प्रकार सांगितला, त्यात स्वतःला थोडा जास्त वाटा दिला, आणि मेहजबीनने तो त्याला घेऊ दिला. ती जिन्यावर बसली होती. हसू आवरत नव्हतं. घरी कळवलं तेव्हा अब्बा म्हणाले, "म्हणजे डॉक्टरला बाहेर काढलंस? शाबास. आता जेवायला ये."

पुढच्या तीन आठवड्यांत दोघांनी यंत्र बदललं. जे दाते पुसले जात होते तेच आता आधी मोजले जाऊ लागले. ते ठरावीक मर्यादेच्या खाली आले की यंत्राच्या मुठीवर हिरवा दिवा लागतो, आणि दिवा लागल्याशिवाय पंप सुरूच होत नाही. स्नायू निवांत नसेल तर यंत्र माप घ्यायला नकार देतं. मेहजबीनच्या मते ही स्प्रिंगपेक्षा चांगली गोष्ट होती, आणि स्प्रिंगचा तिला किती अभिमान होता हे कसब्यात सगळ्यांना ठाऊक होतं.

जळीत विभागात ऑपरेशनसाठी थांबलेल्या सगळ्या रुग्णांची मापं या नव्या जळूने पुन्हा घेतली गेली. काहींचे आकडे वर गेले आणि त्यांना थांबायला सांगण्यात आलं. सगळ्यांचे गेले नाहीत. खडकीच्या एका गृहस्थांचा कोपर हिरव्या दिव्यातही तितकाच कडक निघाला, आणि आजवर दोनदा पुढे ढकललेलं त्यांचं ऑपरेशन त्याच आठवड्यात झालं. यंत्र थांबा म्हणतं तसं थांबू नका असंही म्हणतं, हे त्या दिवशी वॉर्डाने पाहिलं. त्यानंतर कुणी त्याला पेटीत भरायची भाषा केली नाही. खिडकीजवळचं एक टेबल आणि एक प्लग त्याच्यासाठी राखून ठेवण्यात आला. दुसऱ्या एका इस्पितळाच्या डॉक्टर बाई येऊन दोन दिवस बसून गेल्या आणि जाताना त्यांनी असंच एक यंत्र मागितलं.

डॉ. लिमये आता रुग्णाला हात लावण्याआधी स्टूल ओढून बसतात आणि गप्पा मारतात. त्यांना ते अजिबात जमत नाही. सकाळी दहाला ते प्रत्येकाला "जेवलात का?" असं विचारतात आणि उत्तर आलं की पुढे काय विचारायचं हे त्यांना सुचत नाही. सिस्टर कौशल्या म्हणतात, रुग्ण त्यांच्या गप्पांना इतके हसतात की दिवा आपोआप लागतो.

मुक्ताई दर मंगळवारी मांजरीहून येतात. सहा आठवडे संपले त्या दिवशी मानेचा आकडा एकसष्ट होता आणि डॉ. लिमयांनी आणखी चार आठवडे दिले. मान डावीकडे पूर्वीपेक्षा बरीच वळते. व्हॅनच्या डाव्या आरशापर्यंत नजर पोचते, दाराच्या पायरीपर्यंत अजून पोचत नाही.

गेल्या मंगळवारी मेहजबीनने स्वतः माप घेतलं. दिवा हिरवा होता. गळपट्टीकडचा आणि मधला भाग अडुसष्टवर गेला आहे. जबड्याच्या खाली बोटभर रुंदीचा एक पट्टा आहे, त्याचा आकडा मात्र सलग दोन मंगळवार चौतीसवरच आहे. डॉ. लिमयांनी त्यावर अंगठा फिरवला, स्टुलावर बसून राहिले, आणि एवढाच भाग कापावा लागेल की तोही हळूहळू सुटेल हे आत्ता सांगता येणार नाही, असं मुक्ताईंना सांगितलं. शाळा सोळा जूनला सुरू होते. शाळेने चालकाचं नाव अजून कळवलेलं नाही. पुढचं माप येत्या मंगळवारी साडेआठला आहे.